मधात सारेच चांगले, काठ पाहा

पुंडलिकभाऊ गावंडे कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी पीत नाहीत, आधी टीपॉय उलटा करतात. उलटा करता आला नाही तर निदान त्याच्या काठाखालून अंगठा फिरवतात, डोळे मिटून, वैद्यानं नाडी पाहावी तसा. आमच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही दारव्ह्याला गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी यांना सोबत नेलं. ही माझी चूक. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तेव्हा हे उकिडवे बसून टीपॉयच्या पोटाखाली पाहत होते. मुलीच्या वडिलांना वाटलं, यांचं काही पडलं.

"काय शोधून राह्यले जी?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," हे उठत म्हणाले, "सोयरीक चांगली हाय. पन तुमचा टीपॉय फुगेल हाय."

सोयरीक झाली. पण त्या घरचे लोक अजूनही माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

"मधात सारेच चांगले असतात सर," हे पुंडलिकभाऊंचं ठरलेलं वाक्य; मधात म्हणजे मधोमध. "काठ पाहा, काठ!" बोर्ड, साडी, माणूस, सरकार, सगळ्यांना ते हीच फूटपट्टी लावतात.

पुसदला आमच्या दोघांच्या घरांची भिंत एकच. मी कॉलेजात भूगोल शिकवतो आणि ते दिग्रस रोडवरच्या आपल्या टिनाच्या शेडमध्ये पावडर कोटिंग करतात. म्हणजे रंग ब्रशनं लावायचा नाही. कोरडी पावडर गनमधून उडवायची, ती विजेच्या जोरावर वस्तूला चिकटते, मग वस्तू भट्टीत घातली की पावडर वितळून तिच्या अंगावर अखंड कातडी तयार होते. अर्ध्या तालुक्याच्या ग्रिल, गेटं आणि कूलरच्या बॉड्या त्यांनी अशा रंगवल्यात. धंदा बरा चालला होता. दोन वर्षांपूर्वी एकाएकी त्यांच्या डोक्यात शिरलं की हीच पावडर लाकडाच्या भुशाच्या बोर्डावर बसवायची.

"अहो, लोखंडातून वीज जाते. भुशातून कशी जाईल?" मी माझं शाळेतलं विज्ञान काढलं.

"जाते सर. फक्त तिले पटवा लागते."

तेव्हापासून ते तिला पटवत होते आणि ती पटत नव्हती. बोर्ड भट्टीत गेला की काठाला तडे जायचे, नाहीतर आतली हवा बाहेर येऊन पापडासारखे फोड उठायचे. टोकदार कोपऱ्यावर पावडर थांबत नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी प्रत्येक कोपरा गोल करायचा सपाटा लावला. तासन् तास बसून ते पॉलिश पेपरनं काठ घासायचे. बाळाच्या टाळूला तेल लावताना बाईचा हात चालतो, तसा त्यांचा हात चालायचा. मला रस्त्यात गाठून पिशवीतून बोर्डाचा तुकडा काढायचे.

"डोये मिटा सर."

"अहो, भर बाजारात?"

"मिटा तं! आता हात फिरवा. कुठी लागते?"

मी भाजीबाजारात डोळे मिटून बोर्ड कुरवाळत उभा असल्याचं माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं आहे. वर्गातला माझा धाक तिथून उतरला.

या माणसाच्या नादी मी लागलो नसतो. पण आमच्या ओट्याखालच्या कपाटांच्या काठांवरच्या पट्ट्या निघाल्या, पाणी शिरून दारं फुगली, आणि मी शेजारधर्म म्हणून ती दारं त्यांना दाखवली. त्यांनी ती त्याच दिवशी उचकटून नेली. "पाडव्याले नवी लावून देतो. जलमभर पाहा लागनार नाही." रंग कोणता हवा, हे माझ्या बायकोनं सांगायला सुरुवात केली, तर म्हणाले, "रंग कोनताबी होईन वहिनी. हाताले कसा पायजे ते सांगा."

पाडवा गेला. दाराऐवजी जुन्या साडीचे पडदे लागले. "हे स्वयंपाकघर आहे की रेशनचं दुकान?" असं बायको रोज विचारी. उत्तर मी द्यावं अशी तिची अपेक्षा होती.

मग मे महिना लागला आणि नवीनच संकट आलं. पुसदच्या उन्हानं बोर्ड इतके वाळले की पावडर चिकटेचना, गनमधून निघायची आणि सरळ जमिनीवर. चार दिवस पुंडलिकभाऊ जेवले नाहीत म्हणे. पाचव्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. बोर्डाच्या अंगात थोडी ओल असेल तरच वीज त्याच्यातून धावते. ओल कुठून आणायची? त्यांनी घरातला कूलर काढला, नवीन वाळ्याच्या ताट्या घातल्या, हातगाडीवर चढवला आणि शेडमध्ये नेऊन बोर्डांसमोर लावला. मी गेलो तेव्हा कामगार बाहेर निंबाखाली घाम पुसत बसले होते आणि आत बोर्ड ओळीनं उभे राहून गार हवा खात होते.

गल्लीत बोंब झाली. कारण घरी सिंधूवहिनी होत्या. पुंडलिकभाऊंची बायको म्हणजे शांत बाई. जाड भिंगाचा चष्मा, कपाळावर एक जुना व्रण. मध्यंतरी त्यांनी मला चहा दिला, त्यात साखरेऐवजी मीठ होतं. मी पहिल्या घोटाला थबकलो. पुंडलिकभाऊंनी मात्र अख्खा कप संपवला आणि "मस्त झाला" म्हणाले. पावडर खाऊन खाऊन यांची जीभ गेली, असं मी घरी येऊन सांगितलं आणि आम्ही दोघंही पोटभर हसलो.

अशा बाईला उन्हात टाकून हा माणूस बोर्डांना वारा घालतो! माझी बायको दुपारी वहिनींना आमच्याकडे बोलावून कूलरसमोर बसवू लागली. त्या नवऱ्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नसत. "होऊ द्या त्याइचं काम," एवढंच म्हणायच्या.

आणि काम झालं. एका सकाळी टेम्पो आला. पांढरीशुभ्र, गोल कोपऱ्यांची, डाग नसलेली सहा दारं. आम्ही नवरा-बायको फाटकात उभे. टेम्पो आमच्या घरावरून पुढं गेला आणि गावंड्यांच्या दारात थांबला. सहाही दारं त्यांच्या घरात गेली.

"आता मात्र जा," बायको म्हणाली, "आणि कूलरचंही सुनावून या."

संध्याकाळी मी गेलो. रस्ता दहा पावलांचा, पण भाषण मोठं तयार केलं होतं. पुंडलिकभाऊ स्वयंपाकघरात पेचकसानं शेवटची बिजागरी कसत होते. मी दारांकडे पाहिलं आणि माझं भाषणच बदललं. एकही दार दुसऱ्यासारखं नव्हतं. एक काचेसारखं गुळगुळीत, दुसरं रेतीसारखं खरबरीत, तिसऱ्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे.

"काय पुंडलिकभाऊ," मी हसलो, "बिघडलेला माल घरी लावला होय?"

ते हसले नाहीत. तेवढ्यात सिंधूवहिनी चहा टाकायला आल्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नव्हता, वर फळीवर होता. त्यांनी ओट्याखाली हात नेला. खरबरीत दारावर बोटं क्षणभर थांबली, पुढं सरकली, गुळगुळीत दारावर आली. ते दार उघडून त्यांनी साखरेचा डबा काढला.

मी पाटावर बसलो.

"नागपूरच्या डॉक्टरनं दोन वर्षांपहिलेच सांगतलं," पुंडलिकभाऊ हळू आवाजात म्हणाले. "डोयाचा पडदा खराब होऊन राह्यला. हळूहळू सारं जाईन. म्हटलं, जाईन तं जाईन, पन दिसते तोवर हाताले सवय झाली पायजे. मी लोखंडाची कपाटं केलती पहिले. त्याचा कोपरा कपाळाले लागला तिच्या. अन् चिकटवलेली पट्टी निंघाली का बोटात घुसते. मंग हेच राह्यलं." त्यांनी दाराच्या काठावरून अंगठा फिरवला. "खरबरीत तं मीठ. चिकनं तं साखर. तुमची दारं पुढच्या हप्त्यात देतो सर. कूलरबी तिले उद्याच आनून देतो. चुकलं माहं, पन घाई होती."

मला माझी लाज वाटली. दोन वर्षं या माणसानं मला डोळे मिटायला लावले, आणि मी बाजारात कोण पाहतंय याचीच काळजी केली. "सावकाश द्या," मी म्हणालो. "आम्हाला काही घाई नाही." बायको काय म्हणेल याचा विचार मी त्या क्षणी केला नाही.

चहा झाला. वहिनींनी आमच्या हातात कप दिले. पुंडलिकभाऊंनी घोट घेतला. खारट चहाला मस्त म्हणणारा हा माणूस या गोड चहाला काहीच म्हणाला नाही. कप तसाच ठेवून, पेचकस शोधतो असं सांगून बाहेर अंगणात गेला. पेचकस त्याच्या खिशात होता.

"साखर बरोबर हाय ना सर?" वहिनींनी विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हणालो.

त्यांनी अंगणाकडे कान देऊन आवाज खाली आणला.

"मिठाचा चहा मस्त झाला म्हनून पेत होते, दोन-चारदा. त्याइले वाटे, मले समजत नाही." त्या हसल्या. "पन सर, मीबी तं त्याच भांड्यातला पेत होती."

आणि साखरेचा डबा जागेवर ठेवून त्यांनी ते गुळगुळीत दार हळूच लावून घेतलं.