सिंधुबाई उठल्या नाहीत

दूध संस्थेच्या फळ्यावरची नोटीस सिंधुबाईंनी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. 'एक तारखेपासून दूध सकाळी सहाऐवजी दुपारी बारा ते दोन या वेळेत घेतले जाईल. सभेत मंजुरी घेण्यात येईल.' खाली चेअरमन बबनरावांची सही.

दुष्काळातला मे महिना, दुपारचे बारा आणि डोक्यावर पत्रे! पहाटे काढलेलं दूध तोवर नासणार हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण संस्थेचं दूध नेणारी गाडी बबनरावांच्या मेहुण्याची होती आणि हल्ली ती सकाळी पाण्याच्या टाक्या वाहत होती. गाडीची सोय होत नव्हती, म्हणून गाईम्हशींच्या मालकांनी सोय पाहायची!

सिंधुबाई संस्थेत दुधाची फॅट तपासायच्या. चार वर्षांपूर्वी लातूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या आजाराचं नाव सांगितलं होतं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजतं, मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नाही आणि ऊन चढलं की अंगातलं सगळं बळ निघून जातं. वरून मात्र माणूस ठणठणीत दिसतो. हेच तर सगळ्यात वाईट! पायाला प्लास्टर असतं तर गावानं विश्वास ठेवला असता. सकाळी नऊपर्यंत सिंधुबाईंचं अंग त्यांचं ऐकायचं, त्यानंतर नाही. दुपारची वेळ झाली की त्यांची नोकरी गेलीच म्हणायची.

मशीनपाशी बसायला एक खुर्ची मिळावी म्हणून दोन वर्षांत त्यांनी तीन अर्ज दिले होते. सोबत डॉक्टरांचा दाखला. उत्तर एकच आलं, खुर्च्या संचालकांसाठी आहेत.

त्यात शेजारची पारूबाई. दुधाची किटली खाली ठेवता ठेवता रोज म्हणायची, "थकवा तर आमाला बी येतो गं. तू कावून इतकं मनाला लावून घेती? मेथ्या भिजवून खात जा."

हे वाक्य ऐकलं की सिंधुबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा त्या फाडकन म्हणाल्या, "परळीचं थर्मल वीजकेंद्र पान्यावाचून बंद पडलंय. जा, त्याला चार मेथ्या खाऊ घाल. थर्मलला कुनी आळशी म्हनतं का? मग मलाच कावून?"

"थर्मलला सासू न्हाई," पारूबाई शांतपणे म्हणाली.

सभेत उभं राहून विरोध करायचा, असं सिंधुबाईंनी ठरवलं. बोलायची दोनच वाक्यं होती, ती कागदावर लिहून काढली. मग दोन दिवस त्यांनी अंगातलं बळ टँकरच्या पाण्यासारखं जपलं. धुणं नाही, झाडलोट नाही, सभेच्या दिवशी वेणीसुद्धा नाही. भाकऱ्या नवऱ्यानं, ज्ञानोबांनी थापल्या. त्यातली एकही गोल नव्हती, पण सिंधुबाईंनी निमूटपणे खाल्ल्या.

"तू पडून ऱ्हा. मी जातो आन बोलतो," ज्ञानोबा म्हणाले.

"तुमी सभासद न्हाईत. आन तुमी बोलाया लागले की आधी अर्धा घंटा पाऊसपान्याचं बोलता."

सभा दुपारी तीनला, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये. समोर संचालकांच्या खुर्च्या, सभासदांना खाली सतरंजी. एक खुर्ची रिकामी होती. सिंधुबाई तिच्याकडे वळल्या, तसा सेक्रेटरी कचरू आडवा आला.

"बाई, ती प्रमुख पाहुन्याची हाय."

"कोन येनार हाय?"

"ते अजून ठरलं न्हाई."

न ठरलेल्या पाहुण्याला खुर्ची आणि दाखला दिलेल्या बाईला सतरंजी! सिंधुबाई धुसफुसत खाली बसल्या. बसणं सोपं होतं. पुन्हा उठायचं होतं, तीच भीती होती.

पहिलाच विषय दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. सगळे उभे राहिले. सिंधुबाईही पारूबाईच्या खांद्याला धरून उठल्या. कचरू नावं वाचत गेला. सहावं नाव तात्याबांचं निघालं.

"मी हितंच हाय की बे!" मागून तात्याबा ओरडले.

एवढ्यावर भागलं असतं. पण जिवंत माणसाचं नाव यादीत आलं हे अशुभ, असं तात्याबांनी धरून बसल्यामुळे त्यांचं नाव खोडून सगळी श्रद्धांजली पहिल्यापासून घ्यावी लागली. दोन मिनिटं, आणखी दोन मिनिटं. दोन दिवस जपलेलं बळ सिंधुबाईंनी असं मेलेल्यांवर आणि न मेलेल्या तात्याबांवर खर्च केलं. खाली बसल्या तेव्हा त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

मग बबनरावांचं भाषण. सहकार म्हणजे काय, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. पत्रा तापत होता. शेवटी एकदाचा ठराव आला.

"ज्यांचा विरोध हाय त्यांनी उभं ऱ्हावं," बबनरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "बाकीच्यांची मंजुरी धरन्यात यील."

सिंधुबाईंनी कागद मुठीत धरला आणि पायांना सांगितलं, ऊठ. पाय हलले नाहीत. हात टेकून पाहिला, तर कोपरातून वाकला. बोलावं म्हटलं तर जीभ जड झाली होती. रागानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुनाचाच विरोध न्हाई. एकमतानं मंजूर!" बबनराव खुशीत आले. "कचरू, फोटो काढ, पेपरात द्यायचाय. चला, ठराव पसंत हाय म्हनून समद्यांनी उभं राहून टाळ्या वाजवा!"

सगळे उठले. धोतरं आणि लुगड्यांच्या मधोमध सिंधुबाई एकट्या बसून राहिल्या. कचरूनं मोबाइल खाली केला.

"साहेब, फोटोत बाई बसलेल्या दिसतात."

"सिंधुबाई, उठा की!"

"जमत न्हाई," सिंधुबाई कशाबशा म्हणाल्या.

"जमत न्हाई?" बबनरावांचा आवाज चढला. "म्हंजी ठराव पसंत न्हाई?"

"न्हाईच पसंत! पन त्याच्यासाठी न्हाई बसले. थकलेय हो मी!"

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. चेअरमनला तोंडावर 'जमत न्हाई' म्हणणारं माणूस गावानं प्रथमच पाहिलं होतं. म्हातारे धुळाजी सिंधुबाईंकडे टक लावून पाहत राहिले.

"बराबर हाय तिचं," ते म्हणाले. "माझं दूध बारापस्तोर टिकनार हाय का? थकलो मी बी." आणि ते मटकन खाली बसले.

"खरंच थकलेय मी!" सिंधुबाई कळवळून म्हणाल्या. "माजा आजार हाय त्यो!"

कोण ऐकतंय? तेवढ्यात पारूबाईनं पदर खोचला आणि चेअरमनकडे पाहत ठणकावलं, "थकवा तर आमाला बी येतो!" तीही बसली. मग तिच्यामागची ओळ बसली, मग तात्याबा, मग सगळं शेड. संचालकांनीही हळूच खुर्च्या गाठल्या.

कचरूनं इतिवृत्ताची वही उघडली. "साहेब, एकमत कंच्या बाजूनं लिहू? उभे तर तुमी एकलेच हाव."

ठराव बारगळला. सकाळची वेळ राहिली आणि सिंधुबाईंची नोकरीही राहिली. इतिवृत्तात नोंद झाली ती मात्र अशी: 'सौ. सिंधुबाई यांनी खाली बसून तीव्र विरोध दर्शविला.' ती वाचून सिंधुबाईंचा पुन्हा तिळपापड झाला. आजाराचा त्यात एका शब्दानंही उल्लेख नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या कामावर आल्या, तर मशीनपाशी प्रमुख पाहुण्याची खुर्ची मांडलेली. शेजारी कचरू हात जोडून उभा.

"चेरमनसाहेबांनी सांगितलंय, बाईंना काय बसायचं ते खुर्चीत बसू द्या. पन खाली बसू नका म्हनावं."

दाखला देऊन दोन वर्षांत जी खुर्ची मिळाली नाही, ती धाकानं दोन दिवसांत आली होती. ती लाथाडावी असं सिंधुबाईंना फार वाटलं. पण लाथ मारायलाही बळ लागतं. त्या बसल्या आणि दुधाचे नमुने काढू लागल्या.

पारूबाईनं किटली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि सुस्कारा सोडला. "थकवा तर आमाला बी येतो गं."

सिंधुबाईंनी मान वर केली. "माहीत हाय. पुढल्या सभेला तू आधी बस."