शेंडेफळाचा झगा

"घरच्या माणसाचं माप ज्याला टेपनं घ्यावं लागतं, तो कसला टेलर?"

गेले पंधरा दिवस मास्तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हेच ऐकवत होते. कारणही तसंच होतं. मास्तरांच्या शेंडेफळानं शाळा संपवली होती! आणि नुसती संपवली नव्हती. निरोप समारंभात सगळ्या वर्गातर्फे आभाराचं भाषण तीच करणार होती. शाळेचा नियम असा, की व्यासपीठावर चढायचं तर घोट्यापर्यंतचा काळा झगा हवा, आणि तो ज्यानं त्यानं घरून आणायचा. आता टेलरच्या घरी झग्याची काय कमी!

थोरल्याचा झगा मास्तरांनीच शिवला होता, मधलीचाही. त्या दोन्ही झग्यांत एक गुपित होतं. तिन्ही मुलांचा बाप्तिस्मा एकाच पांढऱ्या झबल्यात झाला होता, आणि ते झबलं मास्तरांनी बायकोच्या लग्नाच्या झग्यातून उरलेल्या कापडाचं शिवलं होतं. थोरल्यानं शाळा सोडली तेव्हा त्यांनी झबल्याचा एक तुकडा त्याच्या झग्याच्या गळ्यात आतून शिवला. मधलीच्या वेळी दुसरा. आता तळहाताएवढा शेवटचा तुकडा उरला होता. तो अंगावर घेऊन धाकटी व्यासपीठावर उभी राहिली की बाप म्हणून आपलं काम पार पडलं, असं मास्तरांनी मनाशी धरलं होतं.

"अहो, एकदा माप तरी घ्या," बायको म्हणाली.

"आणि तिला कळू देऊ? ऐन वेळी पेटी उघडून चकित करायचंय मला! अगं, ती पोर माझ्या डोळ्यांत आहे. डोळे मिटले की समोर उभी राहते!"

"डोळे उघडे ठेवून बघा जरा."

मास्तरांनी ऐकलं नाही. दुकानाचं दार लोटून, चर्चमधली गाणी गुणगुणत त्यांनी झगा बेतला, कापला, शिवला आणि गळ्यात आतून तो तुकडा लावला. संध्याकाळच्या प्रार्थनेत ते हळूच म्हणाले, "प्रभू, गर्व करू नये हे मला ठाऊक आहे. पण एवढ्या शनिवारपुरता करू दे. रविवारी क्षमा मागतो."

शनिवारी सकाळी दुकानात झग्याला शेवटची इस्त्री मारून, वर कोट चढवून मास्तर तडक शाळेत पोचले. सभागृहामागच्या रिकाम्या वर्गात सगळं घर जमलं होतं. मास्तरांनी पेटीचं झाकण उघडलं. धाकटीनं "बाबा!" म्हणून आनंदानं झगा अंगात घातला.



झगा गुडघ्यापर्यंत आला होता! बाह्या कोपराशी संपल्या होत्या. खांद्यावरची शिवण श्वास घेतला तर उसवेल अशी ताणली होती.

"बाबा," थोरला म्हणाला, "हिची धाकटी बहीण कुठेय? तिला छान बसेल हा."

मधलीला हसू आवरेना. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बायकोनं नुसतं स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं.

"माया सोडतो! खालची माया सोडली की झालं!" मास्तरांनी कोट भिरकावला, खिशातली छोटी कात्री काढली आणि जमिनीवर बसून खालची दुमड उसवली. त्यातून चार बोटं कापड निघालं. आजवर दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे शिवू या' म्हणून वीतभर सैल शिवणारा हा माणूस!

"बाबा, राहू दे," धाकटी म्हणाली. "भाषण दुसरं कुणीतरी करेल." ती हसत होती, पण ओठ थरथरत होते. ते बघून मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

एवढ्यात दारातून पाळकसाहेब डोकावले. समारंभाची पहिली प्रार्थना त्यांची होती. अंगात घोट्यापर्यंतचा काळाभोर झगा, उंचीला बरोबर धाकटीएवढे! तो झगाही मास्तरांनीच शिवलेला, तीनतीनदा माप घेऊन.

मास्तर उठले. "पाळकसाहेब, झगा काढा!"

"अं? काय झालं? पाल आहे का माझ्या अंगावर?"

"नाही, पोरीला घालायचाय! दहा मिनिटं राहिलीत!"

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. ते मास्तरांच्या कानाशी लागले. "मास्तर, उकाडा किती आहे बघताय ना. आत फक्त बनियन न् अर्धी चड्डी आहे हो."

मग काय! व्यासपीठामागच्या पडद्याआड अदलाबदल झाली. धाकटीच्या अंगावर लांब झगा एकदम चोख बसला. पाळकसाहेबांना आखूड झग्यात कोंबण्यासाठी थोरल्यानं डावा हात धरला, मास्तरांनी उजवा. खांद्याची शिवण टर्रकन गेली.

"मी असा कसा जाऊ लोकांसमोर?" पाळकसाहेब कळवळले. मग त्यांनी क्षणभर विचार केला आणि पडद्यामागूनच खणखणीत आवाज दिला, "आपण सर्वांनी डोळे मिटावेत!"

सभागृहानं डोळे मिटले. पाळकसाहेब गुडघे उघडे टाकत व्यासपीठावर गेले. प्रार्थना सुरेख झाली. शेवटी "डोळे मिटलेलेच असू देत," असं बजावत ते उलट पावली पडद्याआड शिरले आणि 'आमेन' तिथूनच म्हणाले.

डोळे उघडे होते ते एकट्या मास्तरांचे.  झगा बदलला, पण तुकडा? झबल्याचा शेवटचा तुकडा पाळकसाहेबांच्या मानेवर होता!

आता काही करता येण्यासारखं नव्हतं. धाकटीचं नाव पुकारलं गेलं. ती पायऱ्या चढली. ज्या पोरीला कडेवर घेऊन ते दुकान उघडायचे, ती एवढी उंच कधी झाली? ती छान बोलली, म्हणे. मास्तरांना एक शब्द ऐकू आला नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा ते रडत होते, आणि ते आनंदानं की तुकड्याच्या दुःखानं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

खाली येऊन धाकटीनं झग्याची बाही वर सारली. मनगटाला पांढरा तुकडा उसवलेल्या दोऱ्यानं बांधला होता.

"तुम्ही पाळकसाहेबांची बटणं सोडायला धावलात ना, तेव्हा तुमच्याच कात्रीनं उसवून घेतला," ती म्हणाली. "दादाच्या न् ताईच्या झग्याच्या गळ्यात कधीच बघितला होता मी. तेव्हापासून वाट बघतेय. झगा कुणाचाही चालेल बाबा, पण हा सोडून मी वर जाईन होय?"

मास्तरांनी तिला जवळ घेतलं. डोकं तिच्या खांद्याशी लागलं, तेव्हा कुठे त्यांना तिच्या उंचीचा अंदाज आला.

घरी आल्यावर त्यांनी गुपचूप दुकानातली मापांची जुनी वही काढली. धाकटीचं शेवटचं माप ती बारा वर्षांची असतानाचं होतं. त्यानंतर ती तयार कपडे घेऊ लागली होती. लांबी, बाही, खांदा... झगा त्या मापाशी सूतभरही चुकला नव्हता! मास्तरांनी वही मिटून जागेवर ठेवली.

समारंभाचा फोटो आठवड्यानं आला. मधे लांब झग्यातली धाकटी, दोन्हीकडे भावंडं, आई, आणि छाती काढून उभे असलेले मास्तर. बायकोनं तो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला.

"अहो, ही काय टेप!"

कोट भिरकावलेल्या मास्तरांच्या गळ्यात, सकाळी दुकानातून निघाल्यापासून, टेप लटकत होती!