एक चौरस हात

बाविस्करकाका न विचारता लोकांच्या फरशा धूत. अख्ख्या नाही, मधोमध फक्त एक चौरस हात. धुऊन झालं की मशीन लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चढवायचं आणि निघून जायचं. मागे राहायचा तो पांढराशुभ्र चौकोन, आणि त्याच्याभोवती अचानक उघडी पडलेली घाण.

गिऱ्हाइकं शोधायची काकांची ही पद्धत होती. लूमवरची नोकरी सुटल्यावर त्यांनी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचं मशीन घेतलं होतं. चौऱ्याण्णव सालच्या प्लेगनंतर सुरतेला स्वच्छतेचं वेड लागलं होतं, त्यामुळे धंदा चालायला हरकत नव्हती. "कार्ड तरी छापा, काका," मी म्हटलं. मी त्यांचा शेजारी, बँकेतला. ते म्हणाले, "आपण बोलानं नही, भाऊ. फरशी बोली."

फरशी बोलायची, पण ऐकणारे इरसाल. एका दातांच्या डॉक्टरांनी चौकोनावर वजनकाटा आणून ठेवला. एका थिएटरमालकाने प्यूनकडून त्यावर चिखल फासून घेतला, सगळं एकसारखं दिसावं म्हणून. आमच्या बँकेच्या पायऱ्यांवरच्या चौकोनाबद्दल साहेबांनी वरच्या कार्यालयाला रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं : सदर चौकोन कोणाच्या परवानगीने स्वच्छ करण्यात आला?

वर्षभरात काकांना एक पेट्रोलपंप आणि दीड हॉटेल मिळालं. दीड अशासाठी, की दुसऱ्याचा मालक फक्त पुढची बाजू धुऊन घ्यायचा. मशीनचं पोट त्यात भरायचं, काकांचं नाही.

आणि मग कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलचा चौकोन बोलला. मॅनेजरचा निरोप आला : अख्खं आवार, दर महिन्याला, वर्षभर. काकांनी लारीला रंग दिला आणि मला रजा टाकायला लावली.

"मी काय करू तिथं?"

"काही नही. बँकवाला संगे शे, तं शेठ खुर्ची देस."

फाटकावर 'स्वच्छता राखो' अशी पाटी होती. ती धुतल्याशिवाय वाचता येत नव्हती. मला खुर्ची मिळाली, काकांना नळ. त्यांनी फाटक धुतलं, पायऱ्या धुतल्या, रंगाने जांभळं झालेलं गटार राखाडी करून दाखवलं. मॅनेजर हसला, "काका, तमे तो जादूगर!" मग तो आम्हाला जुन्या ऑफिसच्या ओसरीवर घेऊन गेला. भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, तेलाचा काळपट गोल डाग होता.

"बस, ये निकालो. फिर सालभर का काम आपका."

काकांनी नळी उचलली. मग खाली केली.

"किसका है?"

"बापूजी का. शेठ के पिताजी. चालीस साल यहीं बैठते थे. पिछले साल गुजर गये."

काकांनी मशीन बंद केलं. "बाकी पूरी मिल धो देता. ये नहीं."

"अरे, शेठ ने खुद बोला है!"

"तो शेठ को बोलो, हाथ से पोंछे."

मॅनेजरला वाटलं, काका भाव वाढवताहेत. त्याने वाढवूनही दिला. काका तोवर नळी गुंडाळायला लागले होते. आठवड्याभरात ते काम दुसऱ्या कुणाला तरी गेल्याचं कळलं.

त्या दिवशी परतताना मी चिडलो होतो. वर्षभराची भाकरी एका तेलाच्या डागावर ओवाळून टाकायची, याला काय म्हणायचं? घराशी आल्यावर काका म्हणाले, "चाय पी जा."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या दारातल्या ओट्यापलीकडे कधी गेलो नव्हतो. स्वयंपाकाची खोली आरशासारखी लख्ख. जमीन, मोरी, स्टोव्हमागची भिंत, सगळं मशीनच्या मालकाला शोभेलसं. फक्त भिंतीशी मांडलेल्या पाटाच्या वर, बसलेल्या बाईचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, तेलाचा गोल डाग होता. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती.

काकांनी मला कप दिला, आपला घेतला आणि जमिनीवर बसले. पाट रिकामाच होता. ते त्याच्या शेजारी, डागाला धक्का लागणार नाही असे जरा सरकून भिंतीला टेकले.

"साखर बराबर शे ना?" त्यांनी विचारलं.