न खाल्लेल्या माशाबद्दल जाहीर माफी

"एकही तक्रार आलेली नाही," उपसंपादक इकाझाकीबाईंनी सांगितलं आणि मासिकाचे मुख्य संपादक सोगाबे यांचा चेहरा उतरला.

"एकही नाही? नीट बघितलंत?"

"फोन नाही, पत्र नाही, काही नाही. उलट वाचकांच्या पसंतीत गुरुजींची मालिका चौथी आली आहे."

गुरुजी म्हणजे समोर खुर्चीच्या टोकावर बसलेले मिनेगिशी. जपानी चित्रकथांच्या धंद्यात संपादक मंडळी चित्रकाराला गुरुजी म्हणतात, विशेषतः त्याचं काही ऐकायचं नसलं की. मिनेगिशींनी उभी जवानी दुसऱ्यांच्या चित्रकथांत ढग, विजेचे खांब आणि गर्दीतली माणसं काढण्यात घालवली होती. स्वतःच्या नावाची ही पहिलीच मालिका. महायुद्धात दक्षिणेकडच्या एका बेटावर अडकलेल्या मुदपाकखान्याच्या तुकडीची ती विनोदी गोष्ट होती. भांडी आहेत, आचारी आहेत, शिजवायला मात्र काही नाही. नाव होतं 'रिकाम्या पातेल्याची पलटण'.

"तक्रार करणारा माणूस परवडला," सोगाबे म्हणाले. "ओरडतो आणि मोकळा होतो. हे लोक गप्प बसलेत म्हणजे मनात धरून बसलेत. आणि पुढचा अंक कोणत्या महिन्याचा?"

"ऑगस्टचा," इकाझाकीबाई पुटपुटल्या.

पुढचं बोलायची गरज नव्हती. ऑगस्टमध्ये युद्ध संपलं, म्हणून दर ऑगस्टमध्ये सगळा देश युद्धाच्या आठवणीनं रडतो. टीव्ही रडतो, वर्तमानपत्रं रडतात, शाळेतली पोरं सुट्टीतला निबंध म्हणून रडतात. अशा महिन्याच्या तोंडावर मिनेगिशींचे उपाशी सैनिक खंदकात पडून एका काल्पनिक वाम माशावरून मारामारी करत होते.

झालं होतं असं. गोष्टीतला आचारी सुएकिची रोज संध्याकाळी तुकडीला तोंडी जेवण वाढायचा. मासा कसा चिरला, निखाऱ्यावर कसा धरला, रस भातात कसा मुरला, सगळं बयाजवार. एके दिवशी एक शिपाई म्हणाला, कालचा मासा आजच्यापेक्षा बरा होता. दुसरा म्हणाला, माझ्या वाटणीचा तुकडा लहान आहे. त्यावरून जुंपली, आणि अधिकाऱ्यानं दोघांना न मिळणारं जेवण दोन दिवस बंद करण्याची शिक्षा दिली.

यातलं एक अक्षरही मिनेगिशींच्या पदरचं नव्हतं. चिबाच्या किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात राहणाऱ्या, शंभरीला टेकलेल्या होझुमी आजोबांनी हे सगळं सांगितलं होतं. ते त्याच तुकडीतले, आणि आता त्यातले एकटेच उरलेले. सांगताना इतके हसायचे की कवळी हातात काढून घ्यावी लागायची. ती मारामारी त्यांनी स्वतः केली होती आणि आपला तुकडा लहानच होता यावर ते आजही ठाम होते.

"आपण आधीच माफी मागून टाकू," सोगाबे म्हणाले.

"कशाची?" मिनेगिशींनी विचारलं.

"ते मोघम ठेवू, गुरुजी. मोघम माफी सगळ्यांना पुरते."

त्याच दुपारी मासिकाच्या संकेतस्थळावर निवेदन झळकलं. 'रिकाम्या पातेल्याची पलटण या मालिकेतील काही भागामुळे काही वाचकांची मनं दुखावली असल्यास आम्ही अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.' सोगाबेंनी सुटकेचा श्वास सोडला आणि गार नूडल्स मागवल्या. त्या येईपर्यंत पहिला फोन आला.

"मी तुमचा जुना वाचक," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "मी दुखावलो गेलो आहे, पण कोणत्या पानावर ते सापडत नाही. जरा सांगता का?"

इकाझाकीबाईंना पान सांगता येईना. मग लोकांनी आपापली शोधली. कोणी म्हणालं, हा शहिदांचा अपमान आहे, वीरांना खादाड दाखवलंय. कोणी म्हणालं, वीर कसले, युद्ध इतकं गमतीचं दाखवलंत तर उद्या पोरं हौसेनं भरती होतील. एकानं लिहिलं, अधिकाऱ्याला मूर्ख दाखवलाय. दुसऱ्यानं लिहिलं, इतका प्रेमळ का दाखवलाय? आठवडाभरात ज्यांनी मालिका वाचली नव्हती तेही दुखावले गेले. मिनेगिशींना पहिल्यांदाच प्रसिद्धी मिळत होती आणि ते तोंड लपवून हिंडत होते.

"आता प्रत्यक्ष जावं लागणार," सोगाबे म्हणाले. "वड्या आणा."

माफीला जाताना लाल चवळीच्या पुरणाच्या घट्ट, गोड वड्यांचा डबा न्यावा लागतो. डबा जितका जड तितका पश्चात्ताप खरा. इकाझाकीबाईंनी चांगले विटेएवढे जड डबे आणले आणि तिघंही काळे कपडे घालून भर उन्हात निघाली.

पहिला मान त्या बेटावर मेलेल्या सैनिकांच्या वारसांच्या मंडळाला. अध्यक्ष नागाओका म्हातारे होते, सभ्य होते, आणि त्यांनी काहीच वाचलं नव्हतं.

"मी आधी वाचतो, मग रागावतो," ते म्हणाले. "तोवर बसा."

तिघं चटईवर गुडघे मोडून, मान खाली घालून बसली. नागाओका सावकाश पानं उलटत होते. सोगाबेंच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेच कळेना. तेवढ्यात नागाओकांच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला. खांदे हलले. मिनेगिशींनी हळूच वर पाहिलं. म्हातारा हसत होता! ज्याचे वडील विशीतच त्या बेटावर गेले तो माणूस, तोंडावर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. मिनेगिशींच्या जिवात जीव आला.

मग नागाओकांची नजर समोरच्या तीन वाकलेल्या डोक्यांवर पडली आणि हसू जागच्या जागी विरलं.

"तुम्ही माफी मागायला आलात," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे हे वाईटच असणार. आणि मी हसलो. वडिलांवर हसलो! तुम्ही मला हसवलंत!"

निघताना सोगाबे उठायला गेले आणि बधिर पायांमुळे सरळ वड्यांच्या डब्यावर कोसळले. दुसरा डबा पाठवायचं कबूल करून मंडळी बाहेर पडली.

पुढचं घर शांतता मंडळाच्या निवृत्त शिक्षिका यासुमोतोबाईंचं. त्यांनी दारातच विचारलं, "नागाओकांकडे आधी गेलात?"

"रस्त्यात पडतं म्हणून," इकाझाकीबाईंच्या तोंडून निसटलं.

"असं. म्हणजे ज्यांना युद्धाचा अभिमान त्यांची माफी आधी, आणि ज्यांना शरम त्यांची नंतर."

नागाओकांकडे आधी गेल्याबद्दल बाईंची माफी मागितली. ती बातमी नागाओकांना कळली, तेव्हा त्यांच्याकडे आधी आल्याची माफी का मागितली याबद्दल त्यांची माफी मागावी लागली. मिनेगिशी आता झोपेतही वाकत. बायको म्हणाली, "अहो, निदान मांजरापुढे तरी ताठ बसा."

या सगळ्यात एकच फोन असा आला की मिनेगिशींनी तो शब्द न् शब्द लिहून घेतला. एक मुलगी होती, आवाज शांत. "त्या बेटावर आधीपासून माणसं राहत होती ना? तुमच्या सैनिकांनी त्यांचीच रताळी खाल्ली असतील. ती माणसं तुमच्या चित्रात कुठंच कशी नाहीत?"

मिनेगिशींनी हे सोगाबेंना सांगितलं. "खरं बोलते आहे ती," ते म्हणाले. "हिची माफी मागायला हवी."

सोगाबेंनी विचार केला. "त्या बेटावर आपलं मासिक जातं का? नाही ना? मग राहू द्या."

शेवटी मालकांचा निरोप आला. मालिका बंद करा, नाहीतर ऑगस्टच्या अंकात शेवटचा भाग असा द्या की सगळ्यांची तोंडं बंद होतील.

"म्हणजे कसा?" मिनेगिशींनी विचारलं.

"रडवणारा," सोगाबे म्हणाले. "हसण्यावर प्रत्येकाचा आक्षेप असतो, गुरुजी. रडण्यावर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. सुएकिची मरतोच ना शेवटी? मग मारा की नीट."

सुएकिची कसा मेला ते होझुमी आजोबांनी फार दिवसांनी, एकदाच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तो पडल्या पडल्या जेवण वाढत होता. भात झाला, मासा झाला, आमटी झाली, आणि तो थांबला. लोणचं तो नेहमीच विसरायचा, म्हणून सगळे वाट बघत राहिले. कुणीतरी ओरडलं, "अरे, लोणचं कुठंय?" उत्तर नाही. दुसरा म्हणाला, "विसरला बघ परत!" सगळी पलटण हसली, पोट धरून हसली, आणि हसता हसताच एकेकाच्या लक्षात आलं. "लोणचं न वाढताच गेला लेकाचा," आजोबा म्हणाले होते. "असंच काढ हं. हसलो होतो ते गाळू नकोस. ते गाळलंस तर आमच्याकडे दुसरं होतं काय?" मिनेगिशींनी शब्द दिला होता.

"मला तो भाग जसा सांगितलाय तसाच काढायचाय," मिनेगिशी म्हणाले.

"मरणावर हसणारे सैनिक? ऑगस्टमध्ये?" सोगाबेंनी डोकं धरलं. "गुरुजी, मी आता गुडघ्यावर बसू शकत नाही हो. डॉक्टरांनी मनाई केली आहे."

इकाझाकीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मालिका गेली तर गुरुजी, तुम्ही पुन्हा विजेचे खांब काढणार का?"

तिथं मिनेगिशी मोडले. त्यांनी काढलं ते असं: सुएकिची मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून पडला आहे. त्याच्या गालावरून एकच थेंब ओघळतो. तो "आई" म्हणतो. इकाझाकीबाईंनी सुचवलं, वरून चेरीची फुलं पडू देत, वीरमरणाला ती लागतातच. मिनेगिशींनी तीही पाडली, पानभर पाडली. हात सरावाचा होता, चित्र उत्तम आलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

अंक निघाला आणि चमत्कार झाला. मालिका पसंतीत पहिली आली. यासुमोतोबाईंनी वर्गात वाचून दाखवण्याची परवानगी मागितली. नागाओकांनी, आता मनासारखं रडता आलं म्हणून, मोठा वड्यांचा डबा उलट पाठवला. मालकांनी मालिका पुढे चालवायला सांगितली, फक्त दर महिन्याला एक जण मरू द्या म्हणाले.

अंक घेऊन मिनेगिशी चिबाच्या वृद्धाश्रमात गेले. न जाता पोस्टानं पाठवता आला असता. पण आजोबा दर महिन्याला खिडकीपाशी वाट बघत बसायचे.

होझुमी आजोबांनी भिंग काढलं, कवळी आधीच काढून रुमालात ठेवली आणि वाचायला लागले. पहिलं पान. दुसरं पान. ते हसण्याची तयारी करून बसले होते, ते तयारीतच राहिले. शेवटच्या पानावर त्यांनी भिंग फार वेळ फिरवलं.

"हे काय पडतंय वरून?"

"चेरीची फुलं, आजोबा."

"त्या बेटावर?"

मिनेगिशी रुमालातल्या कवळीकडे बघू लागले.

"अरे, असती तर आम्ही खाल्ली असती!"

मिनेगिशींना हसू फुटलं. महिनाभराचं कोंडलेलं, आवरता येईना असं. ते एकटेच हसत होते हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. आजोबांचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता. मिनेगिशी खुर्चीवरून उतरले, गुडघे मोडले आणि कपाळ फरशीला टेकवलं. महिन्याभरात इतकं सफाईदार त्यांना कधी जमलं नव्हतं.

"ऊठ," आजोबा म्हणाले. "दुसऱ्यांसाठी शिकलेलं माझ्यावर कशाला वापरतोस? रताळी चोरली, त्या गावातली म्हातारी आमच्या मागं रडत आली, ते सांगताना मी कधी हसलो का? नाही ना? कुठं हसायचं ते मला कळतं रे. सुएकिचीवर हसलो कारण तो तसा होता. मी त्याला रडताना कधी बघितलं नाही. अंगात पाणी होतं कुणाच्या! आता लाखभर लोकांनी त्याला रडताना बघितलं."

"पुढच्या अंकात मी दुरुस्त करतो, आजोबा. खरंच करतो."

"करशील रे. आणि मग परत कुणीतरी माफी मागेल." त्यांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. "त्याला ओळखणारा मी शेवटचा. मी गेलो की हाच सुएकिची राहणार. फुलातला."

तेवढ्यात आश्रमातली सेविका चहा घेऊन आली. अंक बघताच तिनं पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला.

"वाचलात, आजोबा? मी काल वाचला हो. किती रडले म्हणून सांगू! रात्रभर उशी ओली."

होझुमी आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले, हळूहळू, दुखऱ्या कमरेतून जमेल तितके खाली वाकले आणि म्हणाले, "आमच्यामुळे तुम्हाला त्रास झाला. माफ करा."