गुल्हाने सरांचा राहिलेला पेपर

गुल्हाने सरांकडे कोणी गेलं की ते आधी त्याच्या हातात वीतभर सुतळी देत. पाणी नंतर.

"याचं एक टोक मले काढून द्या," म्हणत. "टोकच पाह्यजे. सुतळी नको."

माणूस बिचारा सुतळीकडे बघे, सरांकडे बघे आणि पाण्याची वाट बघे. मंगरूळपीरच्या कापूस बाजारातले अडते पन्नालाल शेठ मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी खिशातून चाकू काढला, सुतळी सटकन कापली आणि तुकडा पुढे केला. "घ्या मास्तर टोक."

"शेठजी, याले तर दोन टोकं हायेत."

शेठनी पुन्हा कापली. पुन्हा दोन. पाचव्या कापानंतर सतरंजीवर नुसता भुसा उरला.

"मास्तर, सुतळी पोतं शिवाले असते. टोक कायले पाह्यजे तुमाले?"

"तेच तं सांगून राह्यलो ना! क्वार्क असाच असते. ओढा, ताना, तोडा, एकटा हाती लागतच नाही. तोडला की तिथंच त्याले नवा जोडीदार तयार!"

शेठनी चाकू मिटला. "लग्न करा मास्तर," एवढंच बोलले आणि चप्पल घालून चालते झाले.

सर तेव्हा चाळिशीला टेकलेले. एकटेच राहत. आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. शर्टाच्या एका खिशात खडू, दुसऱ्यात सुतळीची गुंडी.

मी त्या शाळेत चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये लागलो. माझा बाप मेडशीत सालदार होता, म्हणजे वर्षभर दुसऱ्याच्या शेतात बांधलेला. आई मजुरीनं शेतातलं तण निंदायला जायची. ज्या दिवशी तिला काम नसे त्या दिवशी आमच्या घरी भाकरी अर्धी होई आणि पाणी दुप्पट. मी बी.एस्सी. झालो तो एका पँटवर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी छाती काढून सांगतो.

स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी सगळ्यांनी मला आडनाव विचारलं. मग गाव. मग गावातली वस्ती. आम्ही बौद्ध. हे प्रश्न कोणत्या मुक्कामाला जातात ते मला पाठ होतं. गुल्हाने सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "क्वार्क माहीत हाये का?"

"हो," मी म्हणालो.

साफ खोटं. पण एवढ्या कष्टानं आणलेल्या डिग्रीला पहिल्याच दिवशी 'नाही' म्हणायला लावणं मला जमलं नाही. सर त्या एका 'हो'वर इतके खूश झाले की पुढे दहा महिने ते बोलत राहिले आणि मी मान हलवत राहिलो.

त्याच नोव्हेंबरात ते एके दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आले.

"काय सर, जमलं वाटते?" शाळेचे कारकून लगबगीनं उठले.

"नवा कण सापडला! अमेरिकेत!"

कारकुनांनी आधी पेढा तोंडात टाकला. मग विचारलं, "हरवला होता कोनाचा?"

खरी गोष्ट अशी होती. प्रोटॉनसारख्या कणांच्या पोटात असणारे हे क्वार्क तीन जातींचे, असं तोवर बहुतेकांचं मत होतं. चौथी जात असावी असा काहींचा अंदाज होता, तिचं नावसुद्धा 'चार्म' असं ठेवून झालं होतं. फक्त ती दिसायची राहिली होती. या नव्या कणाच्या पोटात तीच असणार, असं सरांनी पेपरातल्या चार ओळी वाचून ठरवून टाकलं. शिवाय तो कण अपेक्षेच्या हजारपट जगतो म्हणे.

"हजारपट म्हणजे किती दिवस?" हेडमास्तरांनी विचारलं.

सरांनी फळ्यावर शून्य लिहिलं, टिंब दिलं आणि पुढे शून्यं काढत सुटले. फळा संपत आला तेव्हा एक आकडा आला. "इतके सेकंद."

"अहो, एवढ्याशा आयुष्याले पेढे?"

"हेडमास्तर साहेब," सर शांतपणे म्हणाले, "जे जन्मल्याबरोबर मराचं ते हजारपट जगलं. आपल्या घरचं लेकरू असं जगलं तर आपण गावजेवण नाही का घालत?"

हेडमास्तरांनी दुसरा पेढा उचलला.

पण हेच हेडमास्तर मार्चमध्ये कागद घेऊन आले. येत्या जूनपासून आमच्याकडे अकरावी सुरू होणार होती आणि तिथं शिकवायला एम.एस्सी. लागणार होतं. सरांचं एम.एस्सी. आठ वर्षांपासून एका पेपरवर अडलं होतं. तो पेपर कोणता? अणूच्या गाभ्याचा आणि मूलकणांचा! ज्या विषयावर ते झोपेतही बोलत त्यातच ते दर उन्हाळी आणि दर हिवाळी परीक्षेत नेमानं नापास होत.

"या एप्रिलात पास झाले तर अकरावी तुमची," हेडमास्तर म्हणाले. "नाही तर बाहेरून मानूस आनतो. तुमाले पाचवीचं सामान्य विज्ञान. पानी उकळून प्यावं, नखं कापावी." मग माझ्याकडे वळले. "तुमी जा यांच्या संगं. पाचही प्रश्न लिवले पाह्यजेत."

कारंजा, अमरावती करत आमची एस.टी. परीक्षेच्या आदल्या दुपारी नागपूरला पोचली. मी नोट्स काढल्या. सर सरळ विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरले. तिथल्या म्हाताऱ्या शिपायानं त्यांच्यासाठी एक इंग्रजी अंक वेगळा काढून ठेवला होता. तो जहाजानं नुकताच आला होता, आणि त्यात त्या नव्या कणाची सगळी हकिकत होती. सरांनी तो उभ्या उभ्या तीनदा वाचला. मी शेजारी नोट्स घेऊन ताटकळत. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर माझा संयम सुटला.

"सर, आठ वर्षं झाली! तुमी त्या पेपरात लिहिता तरी काय?"

"पहिलाच प्रश्न चुकीचा असते," सर म्हणाले. "म्हणते, प्रोटॉन हा मूलकण असल्याचं स्पष्ट करा. तो मूलकण नाहीच, क्वार्कचा बनलेला हाये! मंग मी ते समजावून सांगतो. तीन तास कधी जातात समजतच नाही."

"अन् बाकीचे चार?"

"राह्यतात."

"अहो, तपासणारा शून्य देते तुमाले!"

"देते," सर म्हणाले. "पण वाचते. त्याले वाचाच लागते. मंगरूळात मी बोलतो, लोक सुतळी परत देतात अन् निंघून जातात. ते उत्तर कोणीतरी शेवटपर्यंत वाचते. वर्षातून दोनदा. तेवढंच हाये."

मग ज्या गोष्टीला मी दहा महिने घाबरत होतो तीच तोंडातून निघाली.

"सर, मले क्वार्क समजत नाही. पहिल्या दिवशी खोटं बोललो. दहा महिने नुसती मान हलवली."

वाटलं, आता यांचं मन मोडणार. सर माझ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा खुलला की पेढ्यांच्या दिवशीही तेवढा खुलला नव्हता.

"काय समजत नाही?"

"एकटा कधी निघतच नाही, तर तो हाये हे ठरवलं कोणी?"

"बस," सरांनी पायरी हातानं झटकली. "बस अठी."

आठ वर्षांत त्यांना कोणी समजून घ्यायला म्हणून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. त्यांनी उत्तर सांगितलं, मी मध्येच अडवलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. कळलं तेव्हाच मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सर परीक्षेच्या हॉलमधून शेवटच्या घंटेला बाहेर आले.

"पाचही लिहिले?"

"पाचही. पहिला या वर्षीही चुकीचाच होता."

"मंग?"

"त्याइच्या मनासारखं लिहून टाकलं. काहून चुकीचा हाये ते तुले सांगतो म्हटलं, गाडीत."

त्यांनी मंगरूळपीर येईपर्यंत सांगितलं. अमरावतीच्या पुढे कंडक्टरही येऊन बसला.

जूनमध्ये निकाल लागला. गुल्हाने सर बेचाळीस मार्क मिळवून पास झाले आणि त्याच महिन्यात अकरावीला भौतिकशास्त्र शिकवू लागले. दर रविवारी सकाळी मी त्यांच्या खोलीवर जात असे आणि जे समजलं नाही ते विचारत असे. पुढे मीही एम.एस्सी.ला नाव घातलं. तो पेपर मी पहिल्याच खेपेत पास झालो.