भाईंच्या टीव्हीवरचा दर्या

लॅपटॉपच्या पडद्यावर अकरा रेषा होत्या. आठ निळ्या, तीन पांढऱ्या. प्रत्येक लाटेची उंची वीस पिक्सेल, लांबी एकशे वीस. सगळ्या डावीकडून उजवीकडे सरकत होत्या, पण एकीचा चढ दुसरीच्या चढाशी जुळत नव्हता. एवढ्यासाठी गौरजाने अख्खी दुपार घालवली होती. फिजिक्स शिकलेल्या मुलीला सगळ्या लाटा एकदम उठलेल्या बघवत नाहीत.

पडद्यावरची हलती चित्रं बनवून देण्याचं हे तिचं पहिलंच काम. मालवणच्या किनाऱ्यावर भाईंची पर्यटकांना फिरवणारी होडी आहे. तिकिटाच्या खिडकीत त्यांनी नवा टीव्ही लावला होता आणि त्यावर आपल्या नावामागे हलता दर्या हवा होता. गौरजाचे वडील, गुरुप्रसाद मास्तर, यांनी अट घातली होती, "शनिवारपर्यंत एका तरी माणसान तुझा काम बरा म्हणूक होया. नायतर सोमवारी बी.एड."

भाईंनी व्हिडिओ पाहिला. "गो गौरजा, ह्यो खंयचो दर्यो? ही तर आमची खाडी! जरा भरती आण मगे."

गौरजाने उंची नव्वद केली. लॅपटॉप तापला, पंखा घरघरू लागला, आणि ती त्याच्या शेजारी कपाळ टेकून बसली.

शनिवारी सकाळी टीव्हीवर भरती आली. बाहेरचा दर्या मात्र निवांत पडला होता. भाईंची होडी हाकणारा तांडेल महादू ती पाण्यात लोटायला निघाला, आणि त्याची नजर खिडकीत गेली. मोबाईलवर वारा बघायचा तर अशाच रेषा सरकतात, हे त्याला ठाऊक होतं. भाईंनी आता तेच मोठ्या पडद्यावर आणलं, असं त्याने गृहीत धरलं. त्याने होडी मुकाट मागे ओढली आणि दोर माडाला बांधला.

महादूने होडी ओढली की कारण विचारायचं नाही, अशी त्या किनाऱ्याची रीत. शेजारच्यानेही ओढली. त्याच्या शेजारच्यानेही. पर्यटक तासभर उभे राहिले आणि मासे खायला निघून गेले.

"मेल्यांनो, दर्यो झोपलोसा आणि तुम्ही होड्ये कित्याक बांधलास?" भाई ओरडत आले.

"तुमच्याच टीव्हीर बघलंय," महादू शांतपणे म्हणाला. "पश्चिमेचो वारो आसा. जोराचो."

"रे, ती जाहिरात!"

"जाहिरातीत वारो कित्याक घातलास मगे?"

भाईंनी फोन लावला. "गौरजा, पयलो तो दर्यो बंद कर!"

ती लॅपटॉप घेऊन खिडकीशी आली. समजावण्याचं त्राण उरलं नव्हतं. तिने उंची शून्य केली. टीव्हीवर अकरा सरळ रेषा उमटल्या.

तिकिटं देणाऱ्या अक्का, भाईंच्या आई, वळून बघतात तर काय! "गो बाय माझे! आमच्या ह्यांका दवाखान्यात नेललो, तेवा थयच्या टीव्हीर अशीच रेष झाली. मगे डाक्टर भायर इलो."

खिडकीशी नुकतंच उभं राहिलेलं जोडपं हळूच मागे सरकलं.

"जरा जीव घाल गो," भाई काकुळतीला आले. "पण जास्त नुको."

गौरजाने उंची दहा केली. महादूचा हात दोरावर घट्ट झाला. सहा केली. त्याने आभाळाकडे पाहिलं. तीन केली. महादूने टीव्ही पाहिला, दर्या पाहिला, पुन्हा टीव्ही पाहिला, आणि दोर सोडला. त्याच्यामागे किनाराभर दोर सुटले.

संध्याकाळी मास्तर स्वतः चौकशीला आले.

"भाई, चेडवाचा काम कसा झाला?"

"बरा म्हणजे काय, मास्तर, एक नंबर! आता कोणाक कायच त्रास नाय."

मास्तर खिडकीसमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ह्या हलता काय गो?"

"हलता, बाबा."

ते नाक काचेला लागेपर्यंत पुढे वाकले. "बरा," ते शेवटी म्हणाले. "सोमवारी मगे तुका खंय जावक नुको."

अक्का सोडून सगळे गेल्यावर गौरजाने टीव्हीकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे घेतलं, आणि अक्कांकडून मोजपट्टी मागून अंतर मोजलं. सात फुटांपलीकडे रेषा हलताना दिसत नव्हत्या.