टोप्या घातलेलं ग्राफिक्स कार्ड

मी कोणतीही वस्तू मोजल्याशिवाय विकत घेत नाही. मागची छत्री घेताना मी दुकानातच तिचा व्यास मोजला होता. त्यामुळे गेम खेळण्यासाठी कमी पैशांत चांगला संगणक हवा, असं लेकीने जाहीर केलं, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. घरात अखेर एक खरा वैज्ञानिक प्रश्न उद्भवला होता!

"मामा म्हणतो, तयारच घे," लेक म्हणाली. "त्याच्याकडे आहे तसला. आतून सात रंगांचे दिवे लागतात."

"दिव्यांनी वेग वाढतो, याला पुरावा?"

"बाबा, रविवारी चारला अंतिम सामना आहे. मी कर्णधार आहे! मशीन अडकलं तर अख्खा संघ बाहेर."

"अडकतंय कसलं? उडेल!" मी म्हणालो. हे विधान मी पुराव्याविना केलं, याची नोंद घ्यावी.

पुढचे अकरा दिवस मी त्रेचाळीस पानं भरली. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्रं रंगवतं. एक चपळ आणि दुसरं सुस्त असेल, तर दोघं मिळून सुस्तच होतात. कचेरीत काम केलेल्यांना अधिक सांगणे न लगे. म्हणून मी दोघांची पत्रिका जुळवावी तशी आकडेवारी जुळवली. कार्ड मध्यम पण दमदार निवडलं. प्रोसेसर मात्र मुद्दाम असा घेतला, की ज्याला स्वतःलाही थोडंफार चित्र काढता येतं. कार्ड ऐनवेळी बंद पडलं, तरी पडद्यावर काहीतरी दिसावं! सावध माणसाने राखीव व्यवस्था ठेवावी. याच राखीव व्यवस्थेने पुढे माझा गळा धरला.

शुक्रवारी जोडणी झाली. टेबलावर मी चिठ्ठी लावली : 'प्रयोग चालू. हात लावू नये.'

गेम सुरू झाला. सेकंदाला किमान नव्वद चित्रं अपेक्षित होती, आली बारा! पडद्यावरचा सैनिक पाऊल उचलायचा, त्यावर विचार करायचा आणि मग ते ठेवायचा.

"बाबा, हा दारातून आत येईपर्यंत माझं लग्नाचं वय निघून जाईल!"

शनिवारी संगणकाचं कॅबिनेट कडेवर घेऊन मी दुकान गाठलं. दुकानदाराने स्वतःचा पडदा जोडला आणि गेम लावला. चौऱ्याण्णव!

"सर, मशीन एकदम फर्स्ट क्लास आहे. घरी सगळं बरोबर जोडता ना?"

"मी अठरा वर्षं प्रयोगशाळा चालवतोय!" मी थंडपणे म्हणालो. "आणि कार्डाच्या मागच्या, तार लावायच्या तोंडांवरच्या रबरी टोप्या तुम्ही काढल्यात, त्या परत बसवून द्या. उघडी तोंडं धूळ खातात. आमच्याकडे असला निष्काळजीपणा चालत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, टोप्यांकडे पाहिलं, आणि टोप्या बसवल्या.

घरी पुन्हा बारा! मी आठ प्रयोग केले. भिंतीतला प्लग बदलला. टेबलाची दिशा बदलली. खोलीचं तापमान दर दहा मिनिटांनी लिहिलं. रविवारी दुपारी लेकीने शांतपणे फोन उचलला. "मामा, तुझं मशीन घेऊन ये."

हा घाव वर्मी बसला. मेहुण्याचं ते दिवेवालं मत्स्यालय माझ्या टेबलावर? एकच गृहीतक उरलं होतं : उष्णता! मी टेबलपंखा शोधायला माळ्यावर चढलो, वीस मिनिटांनी उतरलो, कॅबिनेटचं झाकण काढलं, पंखा आतल्या बाजूला रोखून चालू केला आणि गेम लावला.

चौऱ्याण्णव!

"पंखा!" मी ओरडलो. "मी म्हणत नव्हतो?" (म्हणत नव्हतो.)

चारला सामना सुरू झाला. मेहुणा आपलं मशीन मांडीवर घेऊन बसला होता आणि मी त्याला हवेच्या प्रवाहावर व्याख्यान देत होतो. पंचवीस मिनिटं त्याने सोसलं.

"भावोजी, मग पंखा बंद करून बघा की."

"बाबा, हात लावलास तर बघ!" लेक पडद्यावरून नजर न हलवता किंचाळली. "शेवटचा डाव आहे!"

पण आव्हान शास्त्रशुद्ध होतं! माझा हात आपोआप बटणाकडे गेला. पंखा थांबला. आम्ही दोघांनी पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं.

चौऱ्याण्णव.

दारात बायको फडकं घेऊन उभी होती. "अहो, तुम्ही माळ्यावर होतात ना, तेव्हा मी मागची धूळ पुसली. पडद्याची तार काढावी लागली. ती वर कुठे होती ते काही आठवेना. मग खालच्या त्या टोप्या काढल्या आणि तिथे लावली. घट्ट बसली. काही चुकलं का?"

वरचं तोंड प्रोसेसरच्या राखीव व्यवस्थेचं होतं. खालचं कार्डाचं. तीन दिवस बिचारं कार्ड टोप्या घालून, हात बांधून बसलं होतं आणि चित्रं काढत होता तो हिशेबनीस!

"जिंकलो!" लेक खुर्चीवर उभी राहिली. तिने धावत जाऊन मिठी मारली. आईला.

मेहुण्याने माझी वही उचलली, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. "भावोजी, त्रेचाळीस पानं झाली. यात तारेचं पान कुठलं?"

आता आहे. चव्वेचाळिसावं. त्यावर एकच ओळ आहे : 'तार खालच्या भोकात लावणे.' अक्षर माझं नाही.